दहा वाजून वीस मिनिटांची नोंद

वजनकाट्यावर दोघं होती. उभ्या होत्या त्या एकट्या सगुणाबाई. त्यांच्या दोन्ही हातांवर त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा आडवा होता. त्याचे पाय एका बाजूला लोंबत होते, डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि त्याला या सगळ्याची भलतीच गंमत वाटत होती. काटा सत्त्याण्णववर थरथरत होता.

वॉर्डातली सिस्टर धावत आली आणि बोलत सुटली. उद्या ऑपरेशन असलेली, जिना चढायलाही बंदी केलेली बाई, आणि हे काय चाललंय, काही झालं तर डॉक्टर मला विचारतील. सगुणाबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, किती झालं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मुलाला कॉटवर ठेवलं, उशी सारखी केली आणि मग कॉटच्या दांडीला धरून दोनतीन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. बोलता येत नव्हतं. ओठ काळपट झाले होते. श्वास जागेवर आला तशा पुन्हा काट्यावर चढल्या. छप्पन्न.

"म्हणजे हा एक्केचाळीस," माझी वजाबाकी व्हायच्या आत त्या म्हणाल्या. "दिवाळीत अडतीस होता. हाताला कळत होतं मला."

मी गेलो होतो त्यांचं वजन घ्यायला. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात, तेवढा वेळ शरीरातलं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत ढकलणारं एक मशीन असतं. ते मी चालवायचो. मिनिटाला किती रक्त ढकलायचं हे उंचीवजनावर ठरतं. वॉर्डातून आकडे लिहून येतात, पण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पुरुष उंची वाढवून सांगतात, बायका वजन कमी करून सांगतात आणि सिस्टर दोघांचंही खरं मानतात. म्हणून आदल्या दुपारी मी स्वतः जायचो, काटा घेऊन. जाताजाता माणसंही मोजून घ्यायचो. कोण किती घाबरलंय, नवरा बोलतो की बायको, भाऊ नुसता फळं घेऊन आलाय की रात्री थांबणारही आहे. ही सवय जुनी आणि माझा अंदाज सहसा चुकत नसे. त्याचा मला थोडा गर्वही होता.

ही सोळासतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकमधलं एक हॉस्पिटल, नाव राहू द्या.

सगुणाबाई बोराडे निफाडच्या बाजूच्या. नवरा रंगनाथ पाटबंधारे खात्यात पाटकरी, कालव्याची दारं उघडायची आणि बंद करायची हे काम. मुलगा सोपान जन्मापासून कधी उभा राहिला नव्हता. बोलायचा तेही दोनतीन आवाजांत, पण समोरच्याचं सगळं समजायचं त्याला. आंघोळ, संडास, सकाळचं ऊन, संध्याकाळचा ओटा, सगळं आईच्या हातांवर. रंगनाथच्या कमरेला पट्टा होता. मणका सरकलेला. पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असं त्याला सांगितलेलं. तेव्हा घरात उचलणारं माणूस एकच, आणि त्या माणसाच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती.

झडप दोन तऱ्हांनी बदलता येत होती. जुनी तऱ्हा म्हणजे छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापायचं. हाड जुळायला तीन महिने, तोवर बादलीही उचलायची नाही. नवी तऱ्हा म्हणजे उजव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधून चार बोटांचा छेद, आत कॅमेरा, लांब दांड्याची हत्यारं, आणि मशीनची नळी जांघेतल्या धमनीतून. हाड शाबूत. तीन-चार आठवड्यांत माणूस कामाला. आमचे डॉक्टर सबनीस हे पुण्याला शिकून आले होते आणि सगुणाबाई त्यांची या तऱ्हेची नववी केस.

रंगनाथला मोठा छेद हवा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. उघडून, डोळ्यांनी बघून करावं. तीन महिने माझी बहीण येऊन राहील. सगुणाबाई म्हणाल्या, तुमची बहीण संक्रांतीला चार दिवस राहिली तेव्हा सोपानला पाणीच कमी पाजत होती, सारखं उठवायला लागू नये म्हणून. रंगनाथने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. हे त्याला माहीत नसावं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगा. बारक्या भोकातनं केलं तर मी याला कधी उचलीन?"

असं कुणी विचारलं की डॉक्टरांना विचारा, असं म्हणून सटकायचं असतं. पण तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला माणसांना हसवायची खोड. मी म्हणालो, "बाई, बारक्या भोकातून वाकून बघताना मान मोडते ती सबनीस सरांची. तुमचं काहीच मोडत नाही."

सोपान इतका हसला की त्याला ठसका लागला. सगुणाबाईही हसल्या. रंगनाथने कपाळाला हात लावला, पण तोही हसतच होता, आणि तासाभराने त्याने कागदावर सही केली.

मला एक गोष्ट ठाऊक होती ती मी सांगितली नाही. लपवायची होती असं नाही. त्या वाक्यात ती बसत नव्हती, इतकंच.

हृदयातून निघणारी मोठी धमनी, एओर्टा, दोन बोटं जाड असते. तिला आतून एक पातळ पदर असतो. आपण जांघेतून रक्त उलटं वर ढकलतो, तेव्हा क्वचित, शेकड्यात एखाद्या वेळी, तो पदर फाटतो आणि रक्त पदर आणि भिंतीच्या मध्ये शिरून धमनी सोलत जातं. छाती मधून उघडलेली असली की हे कुणालाही दिसतं, धमनी डोळ्यांदेखत काळीनिळी होते. बारक्या छेदातून ती दिसत नाही. सर्जन पडद्यावर झडप बघत असतो. तेव्हा कळतं ते दोन आकड्यांवरून. एक, माझ्या नळीतला दाब, तो चढतो. दुसरा, पेशंटच्या मनगटातला दाब, तो उतरतो. हा दुसरा आकडा भूल देणाऱ्या पारनाईक मॅडमच्या मॉनिटरवर असायचा आणि मला माझ्या स्टुलावरून दिसायचा. थोडक्यात, त्या खोलीत डोळे होते ते मॅडमचे आणि माझे.

सकाळी साडेआठला सुरुवात झाली. सबनीस उजवीकडे, पडद्याकडे मान वाकडी करून. डावीकडे त्यांचे असिस्टंट डॉक्टर ढवळीकर. ढवळीकरांचं वजन नाश्त्याआधी एकशे चार, हेही मीच काट्यावर घेतलेलं, पैज लावून. माणूस सोन्यासारखा, हात हलका, पण पोट असं की टेबलाशी उभे राहिले की ते आधी पोचायचं. पेशंटचा डावा हात हिरव्या चादरीखाली अंगालगत बांधलेला असतो, आणि दाब मोजणारी मनगटातली सुई त्याच हातात. ढवळीकर पुढे वाकले की पोट त्या हातावर यायचं, सुई दबायची आणि मॉनिटरवरचा आकडा धाडकन खाली. ते मागे सरकले की आकडा परत जागेवर. त्या एका वर्षात असं एकतीस वेळा झालं होतं. मी मोजलं होतं. आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलायचो. पुढेपुढे आकडा पडला की खोलीतली माणसं मॉनिटरकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी मशीन सुरू झालं. दर पाच मिनिटांनी मी तक्त्यावर नोंद करायचो. दहा दहाची केली, दहा पंधराची केली. नळीतला दाब एकशे सत्तर, मनगटातला बासष्ट. उत्तम.

दहा अठराला मनगटातला आकडा चाळीसवर आला.

मॅडमनी ढवळीकरांकडे बघितलं. नर्सने माझ्याकडे. मी माझ्या दाबाच्या काट्याकडे बघितलं. तो दोनशे तीसवर होता. हे मी बघितलं. पोटाने सुई दबली तर माझा काटा चढायचं कारण नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे येतं. पण सगळे थांबले होते आणि वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, आदल्या दुपारच्या काट्यावरून तयार होऊनच आलेलं.

"ढवळीकर सर," मी म्हणालो, "बाईंनी एक्केचाळीस किलो उचलायची तयारी ठेवलीय. एकशे चार नाही."

खोली हसली. सबनीस कामात असताना कधी हसत नसत, ते हसले. ढवळीकर ओशाळून पाऊलभर मागे सरकले. मॅडमनी सुईच्या नळीत पाणी सोडून ती मोकळी केली. आकडा अठ्ठेचाळीस झाला. तेवढ्या हलण्याला आम्ही वर येणं समजलो. सबनीस म्हणाले की ढवळीकरांसाठी टेबलाला अर्धगोल खाच पाडून घ्यायला हवी. मी म्हणालो, कशाला सर, वर्षावर्षाला ती वाढवत बसावी लागेल. पुन्हा हसले. मॅडमनी दोनदा सुई तपासली.

मग माझ्या मशीनच्या भांड्यातली रक्ताची पातळी उतरायला लागली. मी ढकलत होतो ते परत येत नव्हतं. काटा तीनशे दहावर गेला होता.

मी म्हणालो, "सर, नळीत दाब चढलाय. रक्त परत येत नाही."

एवढ्यावर सबनीसांना सगळं कळलं. त्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. मॅडमनी अन्ननलिकेत घातलेल्या सोनोग्राफीची नळी वळवली आणि पडद्यावर एओर्टा आणली. तिच्यात एकाच्या जागी दोन वाटा होत्या आणि मध्ये एक पातळ पापुद्रा हलत होता. घड्याळात दहा बावीस झाले होते.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. करवत मागवली. जे हाड शाबूत ठेवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, ते वरून खालपर्यंत कापलं. एओर्टा जांभळासारखी झाली होती. नळी जांघेतून काढून दुसरीकडे घातली, शरीर गार केलं, धमनीचा तुकडा काढून कापडी नळी शिवायला घेतली. टाका घातला की टाक्याभोवतीची भिंत भिजलेल्या कागदासारखी सुटायची. ढवळीकर सहा तास न बोलता रक्त टिपत होते. मशीनवरून तीनदा उतरवून बघितलं, तिन्ही वेळा हृदयाने भार घेतला नाही. चार चाळीसला सबनीस म्हणाले, "बंद कर, भालेराव."

मी बंद केलं. माझ्या स्टुलावरून चादरीबाहेर आलेला तिचा हात दिसत होता. दंड पुरुषासारखा होता.

बाहेर सांगायला सबनीस गेले. मी नळ्या सोडवत होतो. सगळं आवरून झाल्यावर तक्ता हातात घेतला. त्यात एक रकाना रिकामा होता, दहा वीसचा. पाच मिनिटांची नोंद माझ्याकडून इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती. मी पेन काढलं आणि लिहिलं. नळीतला दाब एकशे पंचाहत्तर, मनगटातला साठ. त्याच्या पुढचा रकाना, दहा पंचवीस, आधीच भरलेला होता. तीनशे दहा आणि एकतीस.

आठवड्याने बैठक झाली. मृत्यू झाला की कागद समोर ठेवून बसायची तिथे पद्धत होती. सबनीसांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. दहा वीसला सगळं ठीक, दहा पंचवीसला गेलेलं. पाच मिनिटांत. ते म्हणाले, ही गोष्ट अशीच येते, सूचना न देता. मग त्यांनी मॅडमचा कागद मागितला. त्यावरही दहा वीसला मनगटातला दाब साठच होता.

मी मॅडमकडे बघितलं. त्या आपल्या कागदाकडे बघत होत्या. आम्ही एकमेकांना विचारलं नव्हतं, आणि आकडा तोच निघाला होता. अहवालात 'अचानक' हा शब्द आला. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या.

ढवळीकरांनी सही केली नाही, असं मी म्हणणार नाही. केली. पण त्या दुपारी ते कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. वडापाव घेतला नव्हता, नुसता चहा. कप पुढ्यात ठेवून म्हणाले, "भालेराव, खरं सांग. त्या वेळी मी लागलो होतो का रे हाताला?"

"नाही सर."

"नक्की? मला वाटतं मी मागेच होतो. पण तुम्ही सगळे हसलात म्हणून सरकलो."

"नक्की नाही लागलात."

त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं आलं, आणि लगेच गेलं. "मग तू तसं का बोललास?"

मी म्हणालो, चहा गार होतोय. त्यांनी तो प्यायला आणि ते उठून गेले. पुढे वर्षभरात त्यांनी ते हॉस्पिटल सोडलं. मी मात्र राहिलो. माझ्या तक्त्यात कधी चूक सापडली नाही.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी निफाडची गाडी धरली. घरी सांगितलं, मित्राकडे जातो. बोलायचं काय ते वाटेत चारपाचदा जुळवलं. कालव्याच्या कडेला पाटकऱ्यांच्या तीन खोल्या होत्या, त्यातल्या मधल्या खोलीपुढे रंगनाथ भांडी घासत बसला होता. बहीण बारा दिवस राहून गेली होती. अंगणात चटईवर सोपान पडला होता. दुपारचं ऊन सरकत त्याच्या छातीपर्यंत आलं होतं.

रंगनाथने मला ओळखलं. मशीनवाले भाऊ, म्हणाला. हात पुसून पाणी दिलं. गाडी कुठली मिळाली, जेवलात का, असं विचारलं. मग आपणच सांगायला लागला की रात्र रात्र झोप लागत नाही. तिचं ऐकून मी सही केली, मोठ्या छेदाचा हट्ट धरला असता तर ती आज असती, माझ्याच हाताने झालं हे.

मी जुळवून आणलेलं सगळं विसरलो. सरळ सांगितलं. आकडा कधी पडला, माझा काटा कधी चढला, मी काय बोललो, कोण कोण हसलं. तक्त्यात मागून काय लिहिलं तेही सांगितलं. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "किती वेळ गेला त्यात?"

"चार मिनिटं."

"तेवढी मिळाली असती तर वाचली असती?"

"सांगता येत नाही. पुष्कळदा तरीही वाचत नाहीत."

"पण एखादी वाचते."

"एखादी वाचते."

त्याने मान हलवली. तो शिवी देईल, अंगावर येईल, हॉस्पिटलात जाऊन कागद मागेल, हे सगळं मी वाटेत धरून चाललो होतो. त्यातलं काही झालं तर मला काय करायचं ते माहीत होतं. तो कालव्याकडे बघत बसला. तेवढ्यात सोपानने आवाज केला. ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं होतं.

रंगनाथ उठला. "भाऊ, जरा पाय धरा."

त्याने काखेत हात घातले, मी गुडघ्यांखाली. उचलताना रंगनाथच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तो त्याने गिळला. सोपानची पाठ उघडी पडली तेव्हा माकडहाडापाशी दोन जखमा दिसल्या, एकीवर हळद भरलेली, दुसरी ओली. चार पावलांवर भिंतीची सावली होती, पण आम्हाला मध्ये एकदा टेकावं लागलं. चटई ओढून त्याला कुशीवर वळवलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

रंगनाथ भिंतीला टेकून दम घेत होता. पट्टा सैल झाला होता, तो आवळत म्हणाला, "भाऊ, उद्या याल का? सकाळी साडेसातला. आंघोळीचं मला एकट्याला होत नाही."

हा टोमणा असता तर मी निमूट खाल्ला असता, खायलाच आलो होतो. मी त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. माणूस मोजायचा म्हणून मी आयुष्यात जेवढं बघितलं त्यात एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं. त्यात टोमणा कुठेच नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

मी म्हणालो, बघतो.

"साडेसातला जमत नसलं तर आठला या," तो म्हणाला. "पाणी तापवून ठेवतो."

सव्वापाचची एसटी मिळाली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, दोन केसेस लागल्या होत्या. आठ वाजता मी दुसऱ्या पेशंटची उंची तक्त्यावर लिहीत होतो.